गुरुजींची घासलेली जीभ

मंडळी, एक विचारतो. हात वर करू नका, मनातच उत्तर द्या. दुखणं दाखवायला डॉक्टरकडं जायचं, आणि निघण्याआधी ते दुखणं नीट पुसून जायचं — असं कोण करतं?

कुणीच नाही? बरं. ऐका तर!

वडूजला भालचंद्र खटावकर गुरुजी. वय एकाहत्तर. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. दर सोमवारी तपासणी — नखं, दात, जीभ! शंभर पोरं रांगेत जिभा बाहेर काढून उभी! रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, अख्खी शाळा आपल्याला वेडावतेय. जिभेवर पांढरं दिसलं की गुरुजी म्हणत, "घरी जा. घासून ये."

या गुरुजींचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. एक्स-रे झाला, गोळ्या झाल्या, शेक झाला. मग कुणी सांगितलं — स्टँडमागं एक डॉक्टरीणबाई चिनी पद्धतीनं सुया लावतात.

कोण बाई? हेमलता घाटगे. गुरुजींचीच विद्यार्थिनी! चौथीत तीनदा घरी पाठवलेली!

थांबा. चुकलो. मागं जातो. गुरुजींना हात कशाला हवा होता, ते आधी सांगायला हवं.

घरात गुरुजींच्या पत्नी, कुमुदबाई. संधिवातानं बोटं वाकलेली. दोन वर्षं त्यांची वेणी गुरुजी घालत. दार लावून! छडीचा हात बायकोची वेणी घालतो — गावाला कळलं तर?

हसता काय? तीन पेडांची वेणी कुणाकुणाला येते? … असू दे. पुढं.

आता हात उचलेना. केसांत गुंता झाला. कुमुदबाई म्हणाल्या, "अहो, महिनाभर बघू. नाहीतर कात्री आणा. कापून टाकू."

एवढंच म्हणाल्या. भिंतीकडं बघून.

त्या दिवसापासून गुरुजींना झोप नाही.

चला आता दवाखान्यात. विद्यार्थिनी आपली जीभ बघणार! गुरुजींनी सकाळी जीभ घासली. परत घासली. निघताना आणखी एकदा.

बाईंनी तीन बोटांनी नाडी धरली. हे मनगट, ते मनगट.

"झोप कशी आहे, गुरुजी?"

"उत्तम."

"भूक?"

"उत्तम."

"कसली काळजी?"

"हे अभ्यासक्रमात आहे का?"

"हात कशासाठी लागतो तुम्हाला?"

"वर करायला."

"बरं. जीभ दाखवा."

गुरुजींनी दाखवली. लालबुंद! चकचकीत! बाई बघतच राहिल्या.

"गुरुजी, आमच्या विद्येत जिभेवरचा थर बघून आतलं ओळखतात. तुम्ही पाटी पुसून आणलीत."

"म्हणजे स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे."

"मग?"

"घरी जा, गुरुजी. उद्या न घासता या."

मंडळी! छत्तीस वर्षांची तपासणी एका वाक्यात परत आली!

दुसऱ्या दिवशी गुरुजी मागच्या गल्लीनं निघाले. तोंडावर रुमाल. वाटेत कुणी म्हणालं, "नमस्कार गुरुजी! आज बोलत नाही?" गुरुजींनी मान हलवली. तोंड उघडायचं म्हणजे काय? आत पाप होतं!

दवाखान्यात डोळे मिटून जीभ काढली. पांढरा जाड थर. कडांना दातांचे ठसे. बाईंनी आवाज उतरवून विचारलं,

"किती रात्री झोप नाही?"

(तबला थांबू दे जरा.)

"अकरा," गुरुजी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. केस, गुंता, कात्री, भिंत. बोलता बोलता जीभ आत घ्यायलाही विसरले — असं म्हणणार होतो. पण खोटं कशाला? बोलायला ती आत घ्यावीच लागते.

बाईंनी केसासारखी बारीक सुई काढली आणि लावली कुठं? नडगीजवळ!

"घाटगे, खांदा वर आहे."

"माहीत आहे, गुरुजी. हात उचला."

उचलला. आधीपेक्षा दोन बोटं वर! चमत्कार सांगत नाही मी. दोन बोटं म्हणजे दोनच बोटं.

"आणि ऐका," बाई म्हणाल्या, "काकूंना स्टुलावर बसवा. तुमचं कोपर अंगाशी ठेवा. वेणी डोक्यावरून नको, मानेपासून धरा. छातीपर्यंत हात पुरे."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्हाला हात वर करायला हवा होता, गुरुजी."

मनगटाशी आणखी एक सुई लावली. गुरुजी तिथंच घोरायला लागले. बाहेर पुढचा पेशंट घड्याळ बघतोय!

नऊ वेळा गेले. महिना भरायला चार दिवस असताना गुंता सुटला, वेणी झाली. दार उघडं टाकून! कुमुदबाईंनी आरसा धरला.

"डावीकडं गेलीय," म्हणाल्या. "असू दे. कात्री नको."

सुईनं गुण आला की सांगण्यानं? मला विचारू नका. मी कीर्तनकार आहे.

पण तुम्हाला विचारतो. रोज सकाळी देवापुढं कसे उभे राहता? आंघोळ, गंध, धुतलेले कपडे — आणि तोंडानं काय? "देवा, तुझ्या कृपेनं सगळं उत्तम!" घरात भावाशी बोलणं बंद. उत्तम! मनात मत्सर. उत्तम! डोळ्याला डोळा नाही. उत्तम!

अहो, मग त्यानं सुई लावायची कुठं?

आता नाव घेऊ या. कुणाचा गळा बसलेला असेल, कुणाचा भरून आलेला असेल. तसाच आवाज लावा.

खाकरू नका.