सातवी आय, तिसरी आय

(सादिकचं कॉम्प्युटरचं दुकान. काउंटरवर दोन मशीन.)

गोदी : मला एकच सांग सादिकभाय. सात मोठे का तीन?

सादिक : सात मोठे, मावशी. लेकिन...

गोदी : मंग झालं तर. सातवाली बांध. चल गं रविना, मोखाड्याची जीप सुटंल.

रविना : आये, थांब ना जरा! ती आय सेवन आहे खरी, पण दुसऱ्या जनरेशनची. ही आय थ्री बाराव्या जनरेशनची.

गोदी : जनरेशन म्हंजे?

रविना : पिढी.

गोदी : म्हंजे ही आय, नि ती हिच्या आयची आय?

सादिक : त्याच्याही मागची. आयच्या आयच्या आयची...

गोदी : सादिकभाय! पोरीदेखत शिव्या देतोस व्हय?

सादिक : तौबा तौबा! शिवी नाही मावशी, ते इंग्रजी आय आहे. प्रोसेसरचं नाव. कॉम्प्युटरचा मेंदू असतो तो.

गोदी : मंग बरोबर हाय. घरातला मेंदू आयच असते.

रविना : ऐक. दोघींना कोर चार-चारच. म्हणजे हात सारखेच. जुनीचा वेग तीन पॉइंट चार, नवीचा तीन पॉइंट तीन.

गोदी : बघ! तिथंबी जुनीच मोठी!

सादिक : तो आकडा स्टिकरवरचा, मावशी. नवी एका फटक्यात जास्त काम उरकते. गरज पडली तर चारच्या वर पळते. वर लाइट कमी खाते.

गोदी : गिऱ्हाइकाला सगळेच असं सांगतात.

रविना : आये, बुधाच्या लग्नाचा व्हिडिओ मी बनवत होते, तो आपल्या घरच्या डबड्यावर अडकून बसला, विसरलीस? नवरी रुसून माहेरी जायला निघाली होती. आता आपल्या पोशेऱ्यात मला कोण काम देणार? आज धड मशीन मिळालं नाही तर मी सोमवारी भिवंडीला जाते. माझ्या मैत्रिणीनं, दिपिकानं, तिथल्या गोडाऊनमध्ये कामाचं बोलून ठेवलंय.

गोदी : म्हणून तर सात मागते ना मी! तू गेलीस तर घर खायला उठंल मला. एका आयच्यानं तू धरवत नाहीस. सात असल्या तर कुठं पळशील?

सादिक : मावशी, वाद कशाला? दोघींना एकच काम देतो. रविना, पेन ड्राइव्ह आण.

(बुधाच्या लग्नाचा व्हिडिओ दोन्ही मशीनवर एकदम तयार करायला लावला जातो. जुनीचा पंखा घरघरू लागतो.)

गोदी : बघ, बघ, कशी लागली कामाला! धाप लागली बिचारीला. नि ही नवी? बसलीय गप, पहिल्या दिवशीच्या सुनंसारखी. कामाला हातबी लावला नाय.

रविना : नवीचं झालं.

गोदी : काय झालं?

रविना : व्हिडिओ. हा बघ, तारपा वाजतोय नि बुधा नाचतोय.

गोदी : अगं बया! आवाज नाय, काय नाय... आमची कुठवर आली?

सादिक : तुमची अजून हळदीतच आहे, मावशी.

गोदी : नवरदेव तरी दिसतो का?

सादिक : अंघोळ चाललीय त्याची.

गोदी : मंग बंद कर बाबा. म्हातारीला कशाला पळवतोस? थोडं थंड होऊ दे तिला.

सादिक : मग कुठली बांधू?

गोदी : तिसरी. नि नीट बांध, घाटात धक्के बसतात. रविना, जीपवाल्याला सांग, आयला पुढं बसव.

रविना : तुला ना?

गोदी : मला कशाला? हिला. मी मागं बसते.

रविना : आये, आणि दिपिकाला काय कळवू? ती फोन लावून लावून दमली असेल.

गोदी : सांग, आय येऊ देत नाय.

रविना : कुठली आय?

गोदी : कुठलीबी सांग. दोघीबी नाय देत.