आधी हुंगून बघ

माझं माहेर संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगरात, चार घरांची वाडी. बापूस भात लावायचा, वरकस जमिनीत नाचणी करायचा, आवस लहानपणीच गेली. लिवताय ना मास्तर? मंग हे पण लिवा की माझं नाक पैल्यापासून तिखट. शेजारणीची पेज खालून लागली की मला माझ्या पडवीत कळायचं, आणि मी हितनं ओरडून सांगायची, काकी तुझी पेज करपली, आणि काकी मला शिव्या घालायची. बापूस म्हणायचा, ह्या पोरीचं नाक कुत्र्याचं हाय, हिला दिलेल्या घरी काय लपवून ठेवता येनार नाय.

लगीन झालं आणि मी रत्नागिरीत आले, बंदराच्या वरच्या वाडीत. आमचे हे आधी मुंबईत गिरणीत तेलवाले होते, यंत्रांना तेल घालायचं काम, पण ती हवा मानवली नाय म्हणून परत आले, आणि नशीब बघा, त्याच वर्षी एका शेटनं बंदरावर बर्फाचा कारखाना घातलान. गावात वीज नव्हती, तेलावरचं इंजिन, दिवसभर ठकठक ठकठक. ह्यांना इंजिनावर घेतलं आणि मला भुशात. भुशात म्हंजे बर्फाच्या लाद्या भाताच्या तुसात पुरायच्या, म्हंजे वितळत नाय. आमी धाजणी होतो. हात बधिर व्हायचे, पण हसून हसून दिवस जायचा. वैशाखात फुटक्या बर्फाचा चुरा, कोकमाचा आगळ आणि गूळ घालून सरबत करायचो आणि होडीवाल्यांना विकायचो, आगळाची बरणी कारखान्याच्या फाटकाशीच ठेवलेली असायची. ही बरणी ध्यानात ठेवा.

आता आत्यांचं सांगते, आत्या म्हंजे माझ्या सासूबाई. तसा मान मी कुणाचा बघितला नाय. उन्हानं कोण चक्कर येऊन पडू दे, उपाशी पोटी कोण आडवं होऊ दे, पैली हाक आमच्या दारात. म्हातारीच्या कमरेला बुचाची बाटली खोचलेली असायची. कल्हईवाल्याकडनं आणलेला नवसागर आणि शिंपल्यांचा चुना, दोन्ही एकत्र केलं की असा वास सुटतो की डोक्यातनं कळ निघते. बूच काढून बाटली नाकाशी धरलीन की माणूस उठून बसलंच. मला शिकवताना एकदा तिनं जास्तीच हुंगवलंन आणि मी गुदमरले, तर लगेच आगळात फडकं बुडवून माझ्या नाकाला लावलंन. आंबटानं हा वास मरतो, बोलली, लक्षात ठेव. फडकं लालभडक होतं, बघता बघता काळंनिळं पडलं. रंग गेला की दुसरं घ्यायचं, बोलली.

काय सांगू तुमाला, त्या दिवशी सकाळीच मला कारखान्यात तो वास आला. बर्फ करायला नळांतनं एक वायू फिरवतात, अमोनिया म्हणायचे त्याला, आमी आपला गॅस म्हणायचो. मी ह्यांना बोलले, अहो, तुमच्या नळाला आत्यांच्या बाटलीचा वास येतोय. हे हसले, बोलले तुझं नाक घरी ठेवून येत जा. पण हसले तरी गंधकाची वात पेटवून सांध्यासांध्याशी फिरवली, जिथं गॅस गळतो तिथं पांढरा धूर होतो, आणि एका सांध्याशी झालाच धूर. हे मॅनेजराकडं गेले, तो बोलला आज इंजिन बंद करायचं नाय, होड्या बर्फासाठी खोळंबल्यात, संध्याकाळी बघू.

संध्याकाळ कुठली, दुपारची जेवणं आटपली आणि तो सांधा फुटला. फुस्स करून असा आवाज, आणि पांढरं पांढरं बाहेर आलं आणि डोळ्यात कुणी मिरची चोळावी तसं झालं. आमी बाया, हमाल, मॅनेजर, सगळे घराकडं पळालो, घरं वर, म्हणून वर. आणि दुपारचा वारा दर्यावरनं वरच जातो, तो गॅस आमच्या पाठीच. दाऊदचाचा म्हणून एक तांडेल होता, होडीवरचा म्हातारा, सगळा जन्म वारा बघण्यात गेलेला, तो खालनं ओरडायला लागला, वर जाऊ नका, वाऱ्याच्या तोंडाला या, पाण्यात या. मी वळले, माझ्या पाठोपाठ बाकीच्या वळल्या, तोंड पदरात धरून बाजूबाजूनं पुळणीवर, दर्याच्या वाळूत उतरलो आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिलो, आणि तिथं श्वास घेता आला. मंग मी माणसं मोजली आणि हे नव्हते.

हे आत होते. गॅसच्या टाकीची चावी बंद केल्याबिगर ती अख्खी टाकी वाडीवर रिकामी होनार, आणि वाडीत म्हातारीकोतारी, पाळण्यातली पोरं, आमच्या आत्या. हे मागचा पुढचा विचार न करता ओला पंचा तोंडाला बांधून आत शिरले होते. तो फुसफुस आवाज थांबला तेव्हा आमाला कळलं की चावी फिरली. पण माणूस काय बाहेर येईना.

मी रडत बसले नाय मास्तर, रडायला मला मागाहून सवड झाली. मी बरणीकडं धावले, दोन फडकी आगळात बुडवली, एक मला, एक चाचाला. चाचा बोलला, पोरी, हे काय? मी बोलले, बांध आधी. तिसरं फडकं हातात घेतलं. आत वरती सगळं पांढरं, जमिनीलगत थोडी हवा, म्हणून सरपटत गेलो. हे दाराच्या आत हातभरावर पालथे पडले होते. त्यांना उताणं करून नाकातोंडावर फडकं बांधलं आणि दोघांनी पायाला धरून ओढत आणले. बाहेर येऊन बघते तर माझं फडकं काळंनिळं झालेलं.

पुळणीवर आणून डोळ्यांवर, तोंडावर पाणी ओतत होतो, ओतत होतो, हे निपचित, छाती जरा जरा हलत होती. तेवढ्यात लोक बोलले, सरका सरका, म्हातारी आली. आत्या धापा टाकत आलेली, बाटली हातात, बूच काढलेलं. लेकाच्या नाकाशी धरनार, तेवढ्यात तो वास माझ्या नाकात गेला. तोच वास. जो आत भरला होता तोच.

मी हाताचा फटका मारला. सासूच्या हातावर, मास्तर, भर बंदरावर, शंभर माणसांत. बाटली कातळावर पडून फुटली. सगळे माझ्या अंगावर आले, काय गो, वेडी झालीस, नवऱ्याला मारतेस? मी बोलले, आत्या, ह्यांच्या छातीत हाच वास भरलाय, आनखी नको. तिनं खाली वाकून लेकाचा सदरा हुंगलान. परत हुंगलान. मंग खाली बसली आणि काचा वेचायला लागली. मी आगळाचं नवं फडकं ह्यांच्या नाकाशी धरून ठेवलं, रंग गेला की बदलायचं, रंग गेला की बदलायचं, आणि पाचव्या का सहाव्या फडक्याला ह्यांना खोकला आला.

हे वाचले. डोळे महिनाभर लाल होते, आवाज बसला तो बसलाच, आणि नाक गेलं, आता ह्यांना गुलाब काय आणि सुका बांगडा काय, सारखंच. पण घरात म्हातारीनं बाटली सोडलीन. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द ऐकून घेतले असते, पण राग नाय, काय नाय. कोण बोलवायला आलं की सांगायची, बाटली फुटली. मी कल्हईवाल्याकडनं नवसागर आणला, नवी बाटली भरली, तिच्या उशाशी ठेवली. वर्षभर तिनं हात लावलान नाय. मला फार लागलं ते. नवरा वाचवला आणि सासूचा मान मी माझ्या हातानं फोडला, असं वाटायचं, आणि तसं मी ह्यांना बोलून पण दाखवायची.

मंग एक दिवस दाऊदचाचा आला. त्याची नातसून चुलीपुढं पडली होती, पयलटकरीण पोर. चाचा दारातनं बोलला, म्हातारे, तुझी बाटली फुटली हे मला पण ठाव हाय, मी तिथंच होतो, आता उठ. आत्या उठली. बाटली कमरेला खोचलीन आणि मला बोलली, चल. तिथं जाऊन बसली, बाटली काढलीन, पण बूच काढलंन नाय. माझ्याकडं बघून बोलली, आधी तू हुंग तिला. सगळ्यांसमोर बोलली. मी पोरीचं तोंड हुंगलं, लुगडं हुंगलं, धूर नाय, काय नाय, उपाशी पोटाचा वास. बोलले, आत्या, द्या. तेव्हा तिनं बूच काढलंन, आणि पोर उठून बसली.

तेव्हापासून आमी दोघी जातो, जायचो. आता म्हातारीचे गुडघे गेले, ती पडवीत बसून असते, ती बघा, कान हिकडंच हाय तिचा. बाटली माझ्या कमरेला. कारखाना चालू हाय, चाव्या नव्या बसवल्या, आणि फाटकाशी आगळाची एक बरणी कायमची ठेवलीय, ती सरबताची नव्हे, तिला कोण हात लावत नाय. हे मुकादम झालेत, बसक्या आवाजात माणसांना ओरडतात आणि माणसं हसतात. पोटापुरतं हाय, माणसं जाग्यावर हायत, आनखी काय पायजे?

मी कुठनं परत आले की म्हातारी, माणूस उठलं का, असं विचारत नाय. विचारते, आधी हुंगलंस का? मी म्हणते, हुंगलं आत्या. मंग ती पान लावायला घेते.