वहीतला शांत उंदीर

मुतखड्याच्या डॉक्टरांकडे एक शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक माणूस पोट धरून वाकून बसला होता, सोबत त्याची थोरली बहीण.

"प्रयोगशाळेत उंदरांना खडे करतोस, आता तुलाच झाला!" बहीण म्हणाली.

"ताई, साहेब देतात ते मी त्यांच्या पाण्यात घालतो. महिन्याभरात खडे धरतात, मग त्यावर औषध शोधायचं."

"त्यांचं पाणी रोज मोजतोस. स्वतः किती पितोस?"

"त्या खोलीत पाणी न्यायला बंदी आहे. बाहेर यायचं म्हणजे टोपी, मास्क, झगा सगळं उतरवा आणि परत चढवा. कोण करणार?"

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बरं, त्यांना दुखतं का रे?"

"काय माहीत. ओरडत तर नाहीत. कुबड काढून कोपऱ्यात बसतात, हलत नाहीत. मी वहीत लिहितो, 'शांत'."

"आणि तू पहाटेपासून कसा बसलायस?"

तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला, तरी तो उठेना.

"अरे, चल ना."

"थांब, ताई. आधी फोन दे... साहेब, मी बोलतोय. ती वही पुढे पाठवू नका. जिथे जिथे 'शांत' लिहिलंय, ते चुकलंय."