पंचाहत्तर दिवे आणि एक काडेपेटी

श्रिया : उमाआजी, काडेपेटी दे.

उमाआजी : कुठली काडेपेटी?

श्रिया : कमरेला खोचलीयेस ती. चालताना वाजतेय.

उमाआजी : वाजू दे. तुझे ते प्लॅस्टिकचे दिवे लागले की देईन. आईबाबा कर्जत स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला गेलेत, ते आले की मी दादाला ओवाळणार. तुझ्या दिव्यांनी, नाहीतर माझ्या. कणकेचे पंचाहत्तर दिवे वळून ठेवलेत मी.

श्रिया : आणि आजोबांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, तिचं काय?

उमाआजी : काढायची. ओवाळण्यापुरती. ते घरघरणारं मशीन आतल्या खोलीत ढकलायचं. दादाशी बोललेय मी.

श्रिया : आजोबा, तुम्ही हो म्हणालात?

आजोबा : आरोपीला… गुन्हा कबूल आहे.

श्रिया : आजोबा, हे कोर्ट नाही.

आजोबा : खालापूरच्या कोर्टात… जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडली. बहिणीपुढे… स्वतःची मांडता येत नाही.

श्रिया : मग मी मांडते. आजी, मशीन बंद केलं म्हणून ऑक्सिजन लगेच पळून जात नाही. आजोबांच्या शालीत, सदऱ्यात, दाढीत मुरलेला असतो. डॉक्टर म्हणाले होते ना, या खोलीत उदबत्तीसुद्धा नको? आणि तू तोंडासमोर पंचाहत्तर वाती पेटवून धरणार.

उमाआजी : मला काय भाऊ नकोसा झालाय? अगं, आपल्या घरात पंचाहत्तरी कुणी पाहिलीच नाही. अप्पा गेले, नाना गेले, दोघंही सत्तरीच्या आत. पहिल्यांदा या घरात कुणीतरी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून घ्यायला बसणार, आणि मी त्याला बटणाने ओवाळू?

श्रिया : बटणाने फक्त लावायचे. ओवाळायचं तुझ्याच हाताने. आजी, मी आहे ना. दहावीतली मुलगी आहे मी, माझ्यावर थोडा भरवसा ठेव.

आजोबा : गेल्या दिवाळीपर्यंत… ही पाहुणे आले की… कोठीच्या खोलीत लपायची.

श्रिया : ती जुनी श्रिया. तिचे सेल उलटे बसले होते. आता बघा. या परातीत आपले दिवे आहेत दोन पक्षांचे. वरपक्ष म्हणजे आपण विकत आणले ते. तेवढ्याने पंचाहत्तर होईनात, म्हणून साजगावच्या निलेशदादाकडून बाकीचे आणले. तो फार्महाऊसवरच्या लग्नांचं डेकोरेशन करतो. ते वधूपक्ष.

उमाआजी : दिव्यांचं लग्न लावतेयस की काय?

श्रिया : सोयरीक तर जुळवावीच लागते. निलेशदादाचा रिमोट शेलूच्या एका लग्नात हरवला. त्याने हा नवा दिलाय, पण दिवे याला ओळखत नाहीत. मघापासून एकेकाची ओळख करून देत बसलेय. हा शेवटचा राहिलाय. ये, हा तू कर.

उमाआजी : मला नाही जमायचं. माझ्या हाताने टीव्हीचा आवाजसुद्धा कमी होत नाही.

श्रिया : धर तर. दिव्याच्या बुडाशी खटका आहे. तो बंद कर. आता चालू कर. लगेच रिमोटवरचं हे वरचं बटण दाब, आणि सोडू नकोस.

उमाआजी : दाबलंय. काही होत नाहीये.

श्रिया : दाबून धर म्हटलं. तू दारावरची बेल वाजवल्यासारखं केलंस.

उमाआजी : हं. धरलं. अगंबाई, हा लुकलुकला.

श्रिया : तीनदा लुकलुकला ना? म्हणजे ओळख पटली.

उमाआजी : बघितलंस, दादा? माझ्याकडे बघून लुकलुकला.

आजोबा : तुला पाहून… सगळेच दचकतात.

श्रिया : आता हेच बटण एकदा दाबते. हे बघा, वधूपक्ष सगळाच्या सगळा लागला. एकही मागे नाही.

आजोबा : मुलीकडचे… नेहमीच वेळेवर.

श्रिया : आता वरपक्ष. त्यांचा रिमोट हा, छोटा. यांना ओळखबिळख काही लागत नाही. बटण दाबलं की लागले. दुपारी मी सगळे लावून बघितलेत. हे घ्या.

उमाआजी : काय घ्या?

श्रिया : थांब. पुन्हा दाबते.

उमाआजी : एकही नाही लागला.

आजोबा : रुसले. मानपान… कमी पडला असेल.

श्रिया : आजोबा, तुम्ही बोलू नका, दम लागेल. दुपारी लागत होते म्हणजे दिवे चांगले आहेत. बिघडलं असेल तर मधल्या वेळात. बुडाचे खटके बघू. हा चालू. हाही चालू. हाही.

उमाआजी : रिमोट जरा तळहातावर आपट. टीव्हीचा तसाच चालतो.

श्रिया : आपटून काही होत नाही, आजी. सरकलेला सेल तुझ्या आपटण्याने जागेवर बसतो एवढंच. उघडून बघते. सेल नीट आहे, सुलटा आहे. आता रिमोटच मेलाय का ते बघायचं. माझा मोबाइल धर. कॅमेरा चालू आहे, रिमोटच्या टोकाकडे धर. मी बटण दाबते. काय दिसतंय?

उमाआजी : टोकाला जांभळा ठिपका दिसतोय. पण नुसत्या डोळ्यांना तर काही दिसत नाहीये.

श्रिया : आपल्या डोळ्यांना नाहीच दिसत तो. कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे रिमोट ठणठणीत आहे, काहीतरी सांगतोय, आणि दिव्यांपर्यंत पोचत नाहीये. ऊन. मावळतीचं ऊन थेट परातीवर येतंय, त्यात याचा उजेड बुडत असणार. पडदा ओढ.

उमाआजी : ओढला. लाव.

श्रिया : दाबलं.

उमाआजी : नाही लागले.

श्रिया : दिसतंय मला. जवळ जाऊन दाबते. नाही. बाजूने दाबते. तरी नाही.

उमाआजी : फोन वाजतोय तुझा.

श्रिया : बाबा, बोला. हो, झालंच. झालंच म्हणजे होतंय. ठेवते. आजी, ते चौक गावापर्यंत आलेत.

उमाआजी : मग झालं तुझं. मनापासून केलंस, पोरी, पण देवाच्या मनात नाही. दादा, मी कणकेचे दिवे घेऊन येते. तू तयार राहा.

श्रिया : आजी, कमरेवरचा हात काढ.

आजोबा : असू दे, श्रिया. दोन मिनिटांचा… प्रश्न आहे. नळी… मीच काढतो.

श्रिया : आजोबा, नळीला हात लावायचा नाही. परवा अंघोळीला काढली होती तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते. आजी, तूच रडत रडत मला हाक मारलीस. आठवतंय?

उमाआजी : आठवतंय.

श्रिया : मग अजून एकदा बघू दे. एकदाच. सगळं तपासलं. सेल, खटके, रिमोट, ऊन. आता दाबते, आणि तुम्ही दोघं परातीकडे नीट बघा. एखादा जरी मिणमिणला तरी सांगा.

आजोबा : माझा लागला.

श्रिया : तुमचा? कुठे?

आजोबा : हा. मांडीवर… शालीच्या घडीत, तोंड बाहेर काढून. मघापासून… तू दाबलंस की लागतोय, दाबलंस की विझतोय.

श्रिया : तुमच्याकडे कुठून आला हा?

आजोबा : दुपारी… लंपास केला. बरा वाटला. हातात धरायला.

श्रिया : आणि इतका वेळ बोलला नाहीत?

आजोबा : तूच म्हणालीस… बोलू नका.

श्रिया : दाखवा बघू तो. वरपक्षातलाच आहे. मग हा का लागतो आणि परातीतले का नाही? हा तुमच्याकडे दुपारपासून. ते परातीत दुपारपासून. आजी, मी निलेशदादाकडे नवा रिमोट आणायला गेले होते तेव्हा परातीला कोणी हात लावला?

उमाआजी : कोण लावणार? मीच हळदकुंकू वाहिलं. ओवाळायच्या दिव्यांना नको का? तुझं प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत की कुंकू ठरेना, म्हणून तुपात कालवून लावलं.

श्रिया : ते बघितलं मी, छान दिसतंय. पण नेमकं कुठे लावलंस?

उमाआजी : ज्योतीच्या मुळाशी. तिथे प्रत्येकाला एक काळा ठिपका होता. म्हटलं कारखान्यातला डाग असेल, दादाच्या पंचाहत्तरीला दिव्याच्या तोंडावर काळं कशाला? त्यावरच बोट टेकलं. सगळे डाग झाकून टाकले.

श्रिया : आजी, तो डाग नाहीये गं. डोळा आहे त्यांचा. रिमोटचा तो जांभळा उजेड त्याच डोळ्याने दिसतो त्यांना. तू अख्ख्या वरपक्षाचे डोळे तुपाकुंकवाने लिंपलेस.

उमाआजी : मग निलेशच्यांनाही तसंच लावलंय. ते कसे लागले?

श्रिया : त्यांना डोळ्याचं काम नाही. त्यांचा रिमोट रेडिओसारखा आहे, तो हाक मारतो. डोळे झाकले तरी हाक ऐकू येते. आपला रिमोट हाक मारत नाही, डोळा मारतो. समोरच्याला दिसलं तरच उपयोग.

उमाआजी : काय बोलतेस, आजोबांसमोर.

आजोबा : साक्ष… ग्राह्य आहे.

श्रिया : बास, कापूस आण, दोन मिनिटांत पुसून टाकते सगळे.

उमाआजी : पुसायचं नाही.

श्रिया : म्हणजे?

उमाआजी : दिव्याला लावलेलं कुंकू पुसत नाहीत. आणि आज तर नाहीच. एकदा वाहिलं ते वाहिलं. माझ्या भावाच्या दिव्यांचं कुंकू मी पुसू देणार नाही.

श्रिया : बरं. पुसायचं नाही. मग सांग, हळदीकुंकवाला बोटाला कुंकू उरलं तर तू काय करतेस? पदराला पुसतेस?

उमाआजी : छे. पदराला कोण पुसेल? कुणाच्या तरी कपाळी टेकवते.

श्रिया : मग तेच कर. फुलवातींचा डबा आण, कोरड्या आहेत ना त्या? एकेका दिव्याचं कुंकू वातीने अलगद उचलायचं आणि कपाळी लावायचं. पुसलं कुठे? घेतलं.

उमाआजी : घेणं वेगळं.

श्रिया : तेच म्हणतेय मी.

उमाआजी : दादा?

आजोबा : कोर्टाला… दोन्हींत फरक दिसतो. अर्ज मंजूर.

उमाआजी : कपाळी म्हणजे कुणाच्या?

श्रिया : माझ्यापासून सुरू कर. हं. लाव. अगं, नाकावर नको.

उमाआजी : हलू नकोस मग. आता दादा, तू इकडे बघ. तुझं कपाळ ऐसपैस आहे, निम्मा वरपक्ष मावेल.

आजोबा : वकिली करून करून… मोकळं झालंय.

श्रिया : हा डोळा उघडला. हा पण. आजी, तू लाव, मी उचलते. आजोबा, तुम्ही आता खंडोबासारखे दिसताय.

उमाआजी : दिसू दे. झाले का गं सगळे?

श्रिया : झाले. आजोबा, तुमचा चोरलेला, खटका बंद-चालू करून विझवा आणि परातीत ठेवा.

आजोबा : मुद्देमाल… परत.

श्रिया : आजी, रिमोट तू धर. तूच दाब. टोक दिव्यांकडे, तुझ्याकडे नाही. हं.

(पडदा ओढलेल्या खोलीत परात एकदम उजळते.)

आजोबा : उमे.

उमाआजी : हं.

आजोबा : पंचाहत्तर आहेत?

उमाआजी : आहेत. मोजायची गरज नाही. दिसतायत. लुकलुकतात पण अगदी वातीसारखे गं, हे प्लॅस्टिकचे.

श्रिया : मग? काडेपेटी.

उमाआजी : घे. पण एक सांग, ओवाळून झालं की हे मालवायचे कोणी? मी काही बटण दाबून दादाचे दिवे विझवणार नाही. तूही नाही.

श्रिया : कोणीच नाही. तुझ्या कणकेच्या दिव्यांतलं तूप संपलं की ते आपोआप शांत होतात ना, तसं यांनाही लावून ठेवता येतं. दोन्ही रिमोटवर हे घड्याळाचं बटण आहे. रात्री आजोबांच्या झोपायच्या वेळी हेही शांत होतील.

उमाआजी : हे बरं केलंय बनवणाऱ्याने.

आजोबा : गाडी वाजली. फाटकाशी. नळी… फोटोपुरती तरी काढू का?

उमाआजी : खबरदार हात लावलास तर. श्रिया, ते मशीन इकडे ओढ.

श्रिया : आतल्या खोलीत न्यायचंय?

उमाआजी : नाही. दादाच्या शेजारी. त्याच्या जिवावर तर आज बसलाय हा, त्यालाही ओवाळायला हवं. बोटाला थोडं कुंकू आहे अजून.

श्रिया : आजी, त्याला लावताना जरा…

उमाआजी : कळलंय मला. हवा ओढायचं त्याचं नाक कुठे आहे तेवढं दाखव. ते सोडून लावते.