आईचा अंगठा

ताई : आईचा हात सोड आधी.

किल्लीवाला : हळू बोल. गोळी घेऊन झोपलीये. नाडी बघतोय मी.

ताई : अंगठ्याची? तीही मोबाइलवर टेकवून?

किल्लीवाला : हल्ली तशीही बघतात.

ताई : सख्खी बहीण आहे मी तुझी, गिऱ्हाईक नाही. दाखव इकडे. पत्ते! अजून पैसे लावून पत्तेच! अरे, तू सोडलं होतंस ना?

किल्लीवाला : सोडलं नव्हतं, ताब्यात ठेवलं होतं. दिवसाला एकच डाव, तोही आई हो म्हणाली तर. म्हणून तर खेळाला तिच्या अंगठ्याचं कुलूप घातलं.

ताई : कुलूप? तुला?

किल्लीवाला : तेच तर! अख्ख्या गावात मला न उघडणारं कुलूप नाही. स्वतःला कोंडायचं म्हटलं तर नक्कल निघणार नाही अशी किल्ली हवी. ती एकच सापडली.

ताई : आणि आई द्यायची अंगठा?

किल्लीवाला : सुखासुखी? आधी उलटतपासणी. जेवलास का, दुकान उघडलंस का, लेकीला फोन केलास का. निम्म्या वेळा मीच कंटाळून निघून जायचो. उत्तम चाललं होतं गं. मग ती न्हाणीघरात पडली.

ताई : त्याचा काय संबंध?

किल्लीवाला : कुलूप अजून ठणठणीत आहे. किल्लीने अंथरूण धरलं. आणि झोपलेली किल्ली काही विचारत नाही.

ताई : म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ फेऱ्या! आणि मी खुळी इमारतभर सांगत फिरते, भाऊ असावा तर असा. शेजारच्या काकूंनी तर तू आईचा हात धरून बसलेला फोटो त्यांच्या मुलाला पाठवला. ‘शीक काहीतरी’ म्हणून.

किल्लीवाला : मग?

ताई : तो फोनवर रडला.

किल्लीवाला : गुणी मुलगा आहे.

ताई : दुकान का बंद असतं तुझं?

किल्लीवाला : किल्ल्या कापायचं मशीन दुरुस्तीला दिलंय.

ताई : कोणाकडे?

किल्लीवाला : ज्याने विकत घेतलं त्याच्याकडे.

ताई : ऊठ. ऊठ म्हणते ना! आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

किल्लीवाला : आईला भेटायचंही नाही?

ताई : भेटायला कधी आला होतास?

आई : ओरडू नकोस गं त्याच्यावर.

ताई : आई! तू जागी आहेस?

आई : दुपारची गोळी मी घेतच नाही. गालात धरते, तुझी पाठ फिरली की थुंकते. झोप लागली तर हा येऊन गेलेला कळत नाही.

किल्लीवाला : म्हणजे रोज... तुला माहीत होतं?

आई : हाडं मोडलीत माझी. अंगठ्याला कळतं अजून.

ताई : मग हात ओढून का नाही घेतलास? जाब का नाही विचारलास नेहमीसारखा?

आई : विचारलं की उठून जायचा. आत्ताच म्हणाला ना. गप पडून राहिलं की डाव संपेपर्यंत बसतो. हरला की जास्त वेळ बसतो. हात धरून.

किल्लीवाला : आई, संपवतो मी हे. एकदाच अंगठा दे, खेळच पुसून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर.

आई : पुसल्यावर?

किल्लीवाला : मग अंगठ्याचं कामच नाही. सुटलीस तू.

(आई हात पांघरुणात ओढून घेते.)

ताई : दे ना गं आई. स्वतःहून म्हणतोय तो.

आई : देते की. नाही कुठे म्हणतेय? उद्या देते. उद्या येईल तेव्हा.