ड्रायव्हरसकट गाडी

आणि हे काय चढवलंयस स्टेअरिंगला? — लोकर? — मऊ लागतं हाताला! अरे, स्टेअरिंग काय कुरवाळायला असतं? वळणावर तळव्याला घाम सुटला की असलं कव्हर हातात गरगर फिरतं आणि गाडी जाते सरळ. सरळ म्हणजे कुठं? सरळ खाली. काढून टाक. आणि तो आरशाला टांगलेला अत्तराचा डबा पण काढ. आमच्या नऊ माणसांतली चार पहिल्या वळणाला ओकणारी आहेत, या वासानं उरलेली पाच पण ओकतील. — काका म्हणू नकोस मला. मी कुणाचा काका नाही. अठ्ठावीस वर्षं बस चालवलीय मी, ज्या रस्त्यानं तू परवा आम्हाला नेणार आहेस ना, त्याच रस्त्यावर — समुद्राच्या कडेनं पंचाऐंशी किलोमीटर आणि मग घाट चढून वरच्या गावापर्यंत. सकाळी वर, संध्याकाळी खाली. तुझं वय काय? — एकतीस! घ्या. तू दुपट्यात होतास तेव्हा माझी त्या रस्त्यावर तेरा वर्षं झाली होती.

बस, बस. उभा नको राहूस. तुझा मालक जेवून येईपर्यंत मला इथंच थांबायचंय, तोवर तुला जरा बघून घेतो. बुकिंग बिनड्रायव्हरचं होतं, माहीत आहे मला, तू काय सांगतोस. नुसती गाडी हवी, चालवायला घरचाच माणूस, असं लिहिलंय ना त्या कागदावर? ते आमच्या जावयानं लिहिलंय. आत्ता तासाभरापूर्वी मी ते खोडून ड्रायव्हरसकट करून घेतलं. जावयाला सांगितलं का? नाही सांगितलं. त्याला काय सांगायचं! तो मोजणी खात्यात आहे, जमिनी मोजतो, घरात आम्ही त्याला मोजपट्टीच म्हणतो — तोंडावर नाही, मुलगी चिडते. या मोजपट्टीनं तीन दिवसांच्या सहलीचे सात कागद केलेत. सात! सकाळी सहा पंधराला निघायचं. सात पाचला समुद्र बघायचा. सात वीसला समुद्र बघून संपला. म्हणजे एवढा मोठा समुद्र, पंधरा मिनिटांत उरकला! नऊ चाळीसला घाटाचा पायथा. मी विचारलं, जावईबापू, यात लघवीला कुठं थांबायचं? तर म्हणाला, बाबा, ते वाटेत ॲडजस्ट होईल. आमची आई एक्क्याण्णव वर्षांची आहे, तिला दर चाळीस मिनिटांनी उतरायला लागतं आणि उतरून पुन्हा चढायला वीस मिनिटं लागतात — कर ना ॲडजस्ट! जमीन मोजता येते रे, म्हातारी मोजता येत नाही.

आणि माझे चिरंजीव. ते तर दीडशहाणे. यांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे यांच्याकडे सगळ्यावर गोळी. आजीला गोळी, पोरांना गोळी, सासूला गोळी — गाडीत बसायच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी गोळी घ्यायची, की झोपून जायचं आणि थेट वरच्या गावात जागं व्हायचं. मग घरीच झोपा ना लेको, गाडी कशाला हवी? मळमळीला औषध काय? खिडकी. पोराला पुढं बसव, लांबचं बघायला सांग, हातातला मोबाइल काढून घे. पोर ओकणार हे ड्रायव्हरला पोराच्या आधी कळायला पाहिजे. कसं कळतं? — बडबड करणारं पोर गप्प होतं आणि ओठ चाटायला लागतं. आरशात दिसतं ते. तू आरशात काय बघतोस, केस?

बरं, सांग. घाट उतरताना कुठला गियर? — बरोबर. चढताना जो लागला तोच. कुणी शिकवलं? — बापानं? असू दे, निदान बापाला तरी येत होतं. आणि समुद्राच्या कडेनं दोन तास गेलास, काच धुरकट झाली, काय करशील? — वायपर! झालं. वायपर मारलास की संपलास. खारा वारा असतो तो, मिठाचा थर बसतो काचेवर, कोरडा वायपर मारलास की सगळं दुधासारखं होतं आणि समोर ट्रक आहे का डोंगर ते कळत नाही. थांबायचं, गोडं पाणी मारायचं, फडक्यानं पुसायचं. बत्तिसाव्या किलोमीटरला एक वळण आहे, तिथं वाऱ्यानं वाळू येऊन पडते रस्त्यावर, ब्रेकला पाय लावायचा नाही, आधीच हळू व्हायचं — लिहून घे हवं तर. नाही, तुम्ही मोबाइलवर बघणार. ती मोबाइलमधली बाई सांगणार, उजवीकडे वळा, की वळले उजवीकडे, मग उजवीकडे विहीर का असेना.

— काय म्हणालास? — मग तुम्हीच का नाही चालवत? हे बघ. असले प्रश्न विचारायचे नसतात गिऱ्हाइकाला. कंटाळा आलाय म्हणून नाही चालवत. अठ्ठावीस वर्षं घासली, आता मागं पाय पसरून बसावं म्हटलं. — डोळे? डोळ्यांना काय झालंय? ती समोरची पाटी वाचून दाखवू? "येथे गाड्या उभ्या करू नयेत," आणि खाली बारीक अक्षरात रंगवणाऱ्याचा फोन नंबर आहे, तोही सांगतो. लायसन गेल्या वर्षी नवं करून घेतलंय, डॉक्टर म्हणाला पन्नाशीचा माणूस वाटता. गुडघे तेवढे कुरकुरतात. हां, गुडघे. गुडघ्यांमुळं समज.

— मग घरी तसंच सांगायचं? नाही, तसं नाही. अवघड काय आहे, सांगतो. ही सहल माझ्यासाठी काढलीय त्यांनी. पंच्याहत्तरावं लागतंय मला. मोजपट्टीच्या पहिल्या कागदावर वर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय? "बाबांचा रस्ता, बाबांच्या हातानं." रंगीत अक्षरात! मुलीच्या डोळ्यांत पाणी, सून टाळ्या वाजवतेय, आई म्हणतेय, माझ्या लेकाच्या बसमध्ये मी कधी बसलेच नाही रे, आता बसते. खरं आहे, कधी नेलंच नाही मी तिला. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्याचं तोंड बघावंसं वाटायचं नाही. आणि हे सगळे आता खुळ्यासारखे माझ्याकडे बघत बसलेत — बाबा चालवणार, बाबा दाखवणार. कुणाला काही कळत नाही. डोक्यात नुसता भुसा भरलाय. चार महिने माणूस गाडीला हात लावत नाही, बाजारात सुद्धा चालत जातो, तर एकाला तरी विचारावंसं वाटलं का, का हो बाबा? नाही! म्हणे, तब्येतीला चांगलं असतं चालणं.

एकीला कळलंय. नातीला. नऊ वर्षांची आहे, टिचकी म्हणतो तिला — पेन्सिल घेऊन सारखी कुठं ना कुठं टकटक करत असते म्हणून. तिच्या बापाची, म्हणजे चिरंजिवांची गाडी घेऊन मी आणि ती गेलो होतो एका रविवारी सकाळी, समुद्राकडंच, भजी — नाही, भजी नाही, नुसतं फिरायला. मस्त ऊन. मागं बसून ती चित्र काढत होती. आता त्या रस्त्यावर एका वळणावर आमचा थांबा होता पूर्वी. शेड पाडली ती, पंधरा वर्षं झाली, आता कुंपण आहे तिथं आणि मोबाइलचा टॉवर. तर मी तिथं थांबलो. अर्धी गाडी रस्त्यावर, वळणाच्या ऐन पोटात. न्यूट्रल केली आणि बसलो.

कशाला काय कशाला! बेलसाठी! बस थांबली की कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, एवढंही माहीत नाही? माणसं चढत असतात, कुणाचं पोर पायरीवर असतं, कुणाची पिशवी अडकलेली असते, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. त्याला फक्त बेल. अठ्ठावीस वर्षांत एकदा सुद्धा मी बेलच्या आधी गाडी हलवली नाही, डेपोत विचार जाऊन. तर मी बसलो वाट बघत. मला वाटलं, कुणी म्हातारी चढतेय. मागून हॉर्न वाजतायत — वाजवा म्हटलं, तुम्हाला घाई आहे, मला माणसं घ्यायचीत. किती वेळ? ते मला काय माहीत? टिचकी म्हणते तिची अख्खी होडी काढून झाली. एक टँकर आला समोरून, तो असा, एवढ्यावरून गेला — एवढ्यावरून — गाडी हलली वाऱ्यानं. मी काय म्हणालो? म्हणालो, "हा कंडक्टर झोपला का मागं?" मोठ्यानं म्हणालो. ती म्हणाली, आबा, कोण कंडक्टर?  मी आरशात नुसतं बघितलं तिच्याकडं — आणि खरं सांगू, मला ती कोण पोरगी आहे ते आठवेना.

मग तिनं कंपासपेटी घेतली आणि खिडकीच्या कडेवर दोनदा वाजवली. टण टण. मी पहिला गियर टाकला आणि निघालो.

एक किलोमीटरवर जागा झालो. झोपलो नव्हतो रे, तेच तर सांगतोय — झोपलो असतो तर परवडलं असतं. हात बरोबर, पाय बरोबर, गियर बरोबर, सगळं बरोबर, फक्त मीच तिथं नव्हतो. घरी आलो. तिला मी सांगितलं नाही की कुणाला सांगू नकोस. काय तोंडानं सांगणार? तिनं आपणहून नाही सांगितलं. मोठी मोठी घोडी घरात चरतायत, आणि अक्कल आहे त्या एवढ्याशा पोरीला.

बरं, मग मी गप्प बसलोच होतो की. म्हटलं होईल. एवढं एकदा झालं, रोज थोडंच होतं? आपल्या हातचा रस्ता आहे. नेईन हळूहळू, नऊ माणसं काय, पन्नास पन्नास नेलीत. खोटं कशाला बोलू — कालपर्यंत चालवायचंच ठरवलं होतं मी. चालवलीही असती. काल संध्याकाळी मोजपट्टी जागा वाटायला बसला. कोण कुठं बसणार त्याचाही कागद! आईला मधे, ओकणारे खिडकीला. टिचकीला म्हणाला, तू तुझ्या आईजवळ बस. ती म्हणाली, नाही, मी आबांच्या मागं. ड्रायव्हरच्या बरोबर मागची सीट. तिथून काही दिसत नाही गं, समुद्र दुसऱ्या बाजूला आहे. नाही, तिथंच. सगळे हसले — आबांची लाडकी, आबांना सोडत नाही! ही ही ही! मी बघितलं, तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. दोन दिवस बाकी आहेत, कपडे एक नाही त्यात, पण कंपासपेटी वरच. हाताशी येईल अशी. कळलं का तुला? ती ड्यूटीवर येणार होती. तीन दिवस, पूर्ण घाट, वर आणि खाली, नऊ वर्षांची पोर, पाठीमागून माझ्या मानेकडं बघत बसणार, समुद्राकडं एकदाही न बघता. आणि हे सगळे गोळ्या खाऊन झोपलेले.

मला लाज वाटली. म्हणून आलोय. झालं समाधान?

आता काम ऐक. परवा पावणेसहाला तू गाडी दारात लावायची. सगळे बाहेर येतील आणि म्हणतील हा कोण? मी पण म्हणेन, हा कोण? — हो, मी पण! मी विचारीन, ड्रायव्हर कुणी मागवला? तू सांगायचं, मालकाचा नवा नियम आहे, घाटाच्या रस्त्याला गाडी आमच्याच ड्रायव्हरनं न्यायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मी चिडेन. खूप चिडेन, मला येतं ते. तुला काय काय बोलीन, तुझ्या बापाचा उद्धार करीन, चावी मागेन. जावई मधे पडेल, कागद दाखवील, चिरंजीव मालकाला फोन लावतील — मालक उचलणार नाही, ते मी बोललोय त्याच्याशी. तू चावी द्यायची नाही. आई रडली तरी नाही. त्यांनी तुला उर्मट म्हटलं तर म्हणू दे. तीन दिवस सगळे मिळून तुला शिव्या घालतील, म्हणतील या टिनपाटामुळं बाबांचा रस्ता हुकला, आणि मी मागं बसून तुझ्या प्रत्येक गियरला नावं ठेवीन. जमेल? टिचकी खिडकीशी बसेल. समुद्राच्या बाजूच्या.

ऊठ. करून दाखव आत्ता. मला भरवसा नाही तुझा. समज मी दारातून आलो. — ए, चल हो बाजूला. चावी आण इकडं. — आण म्हणतो ना!

अरे! — दिलीस? अरे गाढवा, दिलीस कशी? मोठा माणूस आहे म्हणून? मोठ्या माणसाला मान द्यायचा असतो, चावी नाही द्यायची! असला मान देऊन नऊ माणसं दरीत घालशील तू. घे ही. धर. खिशात टाक, हातात नको. आणि खाली बघू नकोस, माझ्याकडं बघ. पुन्हा. — चावी दे. — कुणाला नाही म्हणतोस? ओळखतोस का मला? अठ्ठावीस वर्षं मी हा रस्ता — दे चावी. — दे रे. — एकदाच. सपाटीवरच चालवतो, समुद्रापर्यंतच, घाट तू घे. हे नाटक नाही, खरंच विचारतोय आता. समुद्रापर्यंत.

— नाही?

हं.

असंच म्हणायचं. एवढ्याच आवाजात.

बास, कळलं, एकदा म्हटलंस ना. जा, ते कव्हर काढ जा.