मारुतीरायाचं गाऱ्हाणं

मला आधी खटकलं ते एवढंच, की इब्रामपूरच्या काजूबागेत एकही माकड ओरडत नव्हतं. माकडतापाच्या संशोधनासाठीच गेले होते ना, या तापाने आधी माकडंच मरतात हे ठाऊक होतं. पुढे एक माकड मरून पडलेलं, आणि काजू वेचणाऱ्या बायकांमधल्या आनंदीमावशी त्याला आंघोळ घालायला कळशी घेऊन निघालेल्या!

"मावशी, हात लावू नका! त्याच्या गोचिडी चावल्या तर ताप येतो!"

"बाय, मारुतीराया तो. असोच उघडो टाकूचो?"

"मग लांबूनच गाऱ्हाणं घालूया?"

"घाल मगे, तूच!" म्हणत मावशी मागे सरल्या.

माकड तपासणीला न्यायला सांगावं म्हणून आमच्या डॉक्टरांना लावलेला फोन स्पीकरवर नुसताच वाजत होता. तो तसाच हातात धरून मी सुरुवात केली, "बा मारुतीराया, तुला न्यायला गाडी लवकर येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या बायका ओरडल्या.

तेवढ्यात फोनमधून डॉक्टर म्हणाले, "हो हो, पण गाडी पाठवू कुठे?"